भीमेला ओहोटी नाही

मंगळवेढा मागे पडलं, एसटी पुलावर चढली आणि शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसून जागं केलं. "भीमा बघायची होती न्हवं तुमाला? ही बघा."

डोळे चोळत खिडकीबाहेर पाहिलं. पात्र भलंमोठं होतं, पण नदी त्याच्या एका कडेला अंग चोरून पडली होती. काळ्या दगडांच्या पाट्या, त्यांच्यामधून हिरवट पाण्याचे पट्टे, आणि त्या पाण्यावर फाल्गुनातल्या सकाळचं विरळ धुकं. एक बगळा असा उभा होता की त्याला कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेलं असावं. पूल संपला तरी मी मान वळवून मागे बघत राहिलो.

मी देवगडकडचा. मागच्या दाराने उतरलं की आमची खाडी. शाळेत चित्रकला शिकवणं सोडलं तर आयुष्यात मनापासून एकच गोष्ट केली, ती म्हणजे गरवणं (आमच्याकडे गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात). कमरेभर पाण्यात उतरायचं, गळ टाकायचा आणि जगाला विसरायचं. असा माणूस गळाची काठी बांधून घाट चढून सोलापूरला निघाला, तेव्हा आमची ही उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "दर्या सोडून मासे धरूक सोलापुराक चललात? लोक हसतले!"

लोकांना हसू दे. मला बोलावणं आलं होतं ते मेधाचं.

मेधा आमची एकुलती एक. सोलापूरच्या तेलुगू विणकर घराण्यात ती सून म्हणून गेली. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही नरसय्या, यांनी जन्मभर मागावर चादरी आणि टॉवेल विणले आणि सुट्टीच्या दिवशी भीमेत उभं राहून मासे धरले. लग्नात आमची ओळख झाली ती आहेर-मानपानावरून नाही, तर गळाला आमिष कसं लावावं यावरून. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात, डावा पाय जड झाला. औषधांनी पुष्कळ सुधारलं, पण एकदा न्हाणीघरात पडले आणि धसका घेतला.

"बाबा, मामय्या पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढंच चालतात," मेधा फोनवर म्हणाली होती (मामय्या म्हणजे तेलुगूत सासरे). "डॉक्टर सांगतात की पायात ताकद आहे, पण ते पायावर भारच देत नाहीत. आता वापरला नाही तर तो पाय कायमचा जाईल म्हणतात. आमचं सगळं सांगणं पालथ्या घड्यावर पाणी. तुम्ही या आणि त्यांना नदीवर न्या. व्याह्यांना ते नाही म्हणणार नाहीत."

सोलापुरात पूर्वभागात त्यांचं घर आहे. गल्लीत शिरलो आणि दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटखटाट पायाखालच्या फरशीत जाणवायला लागला. दारात रंगीत सुताच्या लडी वाळत होत्या. लाल, गर्द निळ्या, आंब्याच्या मोहरासारख्या फिकट. मी रंगांचा माणूस, तिथेच रेंगाळलो. मेधा हसत बाहेर आली आणि माझी पिशवी ओढून घेऊन गेली.

नरसय्या खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगावर पांढरी बंडी, मांडीवर आडवी ठेवलेली काठी. लग्नात पाहिलेला ऐसपैस माणूस खुर्चीत मावून वर जागा उरली होती. मला पाहून उठायला गेले, अर्धे उठले आणि परत बसले.

"या, बावगारू, या!" ते म्हणाले. (तेलुगूत व्याही एकमेकांना बावगारू म्हणतात. आदराचा शब्द आहे, पण त्यात चेष्टेलाही वाव असतो.) "दर्या आटला काय तुमचा?"

"आटला नाही, व्याहीबुवा. पण दर्यातले मासे मला ओळखायला लागले. आता नवीन मासे हवेत."

ते हसले. हसताना तोंडाची डावी बाजू जरा मागे राहत होती. बोलणं स्पष्ट होतं, फक्त आवाज बारीक झाला होता.

जेवायला विहीणबाईंनी चेपल पुलुसु (चिंचेच्या कोळातलं माशाचं कालवण) केलं होतं, सोबत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची लाल चटणी. नदीचा मासा म्हटलं की आम्ही खाडीवाले नाक मुरडतो. मातकट लागतो म्हणतो. पण ते कालवण असं काही होतं की मी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा मेधाने डोळे मोठे केले. कडक भाकरी कालवणात बुडवून मऊ होण्याची वाट बघायची असते, हे मला विहीणबाईंनी शिकवलं. घाई केली तर टाळू सोलून निघते, ते मात्र मी स्वतःच शिकलो.

"धरणातनं पाणी सोडलंय म्हणे नदीला," विहीणबाई वाढता वाढता म्हणाल्या. "आता नळाला येईल बाई नीट. पाच-पाच दिवस वाट बघायची म्हणजे जीव जातो."

त्यावर घरात सगळे बोलायला लागले. पाणी कधी पोचणार, टाकी कधी धुवायची. नळाच्या पाण्यावर सोलापूरकर जितकं बोलतात तितकं आम्ही पावसावरही बोलत नाही. मी आपला काटे काढत बसलो होतो. त्या बोलण्याचा माझ्याशी काही संबंध असेल, असं मनातही आलं नाही.

जेवणानंतर मी विषय काढला. "उद्या नदीवर जाऊ."

नरसय्या खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी जावा. मी जागा सांगतो."

"जागा सांगून मासा मिळाला असता तर मी देवगडातूनच फोनवर धरला नसता का?"

"मला न्हाय जमत आता, बावगारू."

"तुम्ही पाण्यात उतरूच नका. काठावर खुर्ची टाकू. तुम्ही उंटावरून शेळ्या हाका, मी शेळी होतो."

विहीणबाई आत हसल्या. नरसय्यांनाही हसू आवरलं नाही, आणि हसता हसता त्यांनी मेधाला माळ्यावरचा डबा काढायला सांगितलं. वर्षभर कुणी त्याला हात लावला नव्हता.

तो डबा म्हणजे माझ्यासारख्याला खजिना. त्यांचे गळ बाजारचे, पण आमिषं सगळी घरची. मागाच्या मोडक्या धोट्याचं लाकूड (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावतो तो) कोरून त्याची बेडकी केलेली, आणि तिला मागे टॉवेलच्या सुताचे दोन पाय. पाण्यावरून ओढली की ते पाय उघडझाप करतात. "मरळ याच्यावर येड्यावानी येती," ते म्हणाले. मरळ म्हणजे तिकडच्या पाण्यातली वाघीण. अंग काळं चिवट, तोंड सापासारखं, आणि श्वास घ्यायला वर येते. थंडीभर खोल चिखलात पडून असते, आणि फाल्गुनात ऊन तापायला लागलं की उथळ पाण्यात येते. त्याच दिवसांत तिला धरण्यात मजा.

बेडकी दोरीला बांधायला त्यांनी घेतली. तुटलेला धागा सांधण्याची विणकरांची एक गाठ असते, ती ते डोळे मिटून मारायचे असं मेधाने मला सांगितलं होतं. उजव्या हाताने फास केला, डाव्याने टोक धरलं, आणि टोक सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. तिसऱ्यांदा त्यांनी दोरी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, "तुमी बांधा." मी आमची कोकणी गाठ मारली. ती पाहून त्यांनी मान हलवली. मला फार वाईट वाटलं.

सकाळी रफिकभाईंची रिक्षा आली. रफिकभाई नरसय्यांचे जुने दोस्त, मासे धरायला नाही, पण खायला कायम हजर. शुक्रवार होता. "चाचा कू नदी पे छोडता, मैं गाँव में नमाज पढके आता," त्यांनी वाटेतच सांगून टाकलं. मोहोळ तालुक्यातलं ते गाव. नाव सांगणार नाही. मासे धरणारा माणूस बायकोला पगार सांगेल, पण जागा सांगत नाही.

वाटेवर दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी चालली होती. पाथीला, म्हणजे आपापल्या ओळीला, लागलेल्या बाया ताटं उपटून आडवी टाकत होत्या आणि मोकळ्या झालेल्या काळ्या रानावर सूर्य तिरपा पडला होता. कडुनिंबांना तांबूस पालवी, बांधावरच्या आंब्याला मोहर, हवेत त्याचा आंबूस गोड वास. नरसय्या काठीवर हनुवटी टेकून सगळं बघत होते. वर्षभरात ते घराबाहेर पहिल्यांदाच निघाले होते. एकदा म्हणाले, "ह्या विहिरीवर मोट होती आमच्या लहानपणी."

नदीवर पोचलो तेव्हा धुकं गेलं होतं. रफिकभाईंनी आणि मी नरसय्यांना दोन्हीकडून धरून करंजाच्या सावलीत खुर्चीत बसवलं. रफिकभाई गेले. आम्ही दोघे आणि नदी उरलो.

जागा अशी होती. काठापासून एक दगडी धार पाण्याखालून आत जात होती, रस्त्याएवढी रुंद, वर गुडघ्याला लागेल न लागेल इतकंच पाणी. मध्यावर ती डावीकडे वळत होती आणि शेवटी एका मोठ्या काळ्या खडकाला भिडत होती. त्या खडकाला गावात म्हैस म्हणतात, आणि तो दिसतोही तसाच, पाण्यात बसकण मारलेला. म्हशीपलीकडे डोह. धारेच्या दोन्ही बाजूंना मात्र वाळू काढून झालेले खड्डे.

"धार सोडायची न्हाय," नरसय्यांनी काठीने हवेत रेघ काढून दाखवली. "खड्ड्यात गेलाव तर तुमचा दर्या कामाला येणार न्हाय."

पाणी नितळ होतं. धार स्वच्छ दिसत होती. मी कॅनव्हासचे जुने बूट घालून उतरलो. आमच्या खाडीचं पाणी सतत कुठेतरी निघालेलं असतं, पाय ओढतं. हे पाणी उभं होतं. वर ऊन पिऊन कोमट आणि खाली थंडगार. प्रत्येक पावलाला बारीक मासोळ्या घोट्यांभोवती जमायच्या आणि पुढच्या पावलाला पांगायच्या. मी हळूहळू चालत म्हशीपर्यंत पोचलो, तिच्या पाठीवर चढलो, डबा ठेवला आणि पहिली फेक केली.

त्यानंतरच्या वेळाचं नीट वर्णन मला करता येणार नाही. बेडकी डोहावर पडायची, वर्तुळं उमटायची, ती विरेपर्यंत थांबायचं, मग हळूच ओढायचं. सुताचे पाय उघडायचे, मिटायचे. दूर कुठेतरी मरळ श्वासाला वर आल्याची गोल लाट दिसायची, आणि मी तिकडे फेकेपर्यंत पाणी पुन्हा कोऱ्या कागदासारखं. पलीकडच्या काठावर कुणीतरी बैलांना धुत होतं, त्याचं पाणी उडालेलं आधी दिसायचं आणि आवाज मागून यायचा. अधूनमधून वळून बघायचो, करंजाखाली पांढरी बंडी. हात हलवायचो. काठी हलायची. मासा लागत नव्हता आणि त्याचं काही वाटत नव्हतं. मी बसलो. मग टेकलो. दगड पाठीला गरम लागत होता.

डोळा लागला असावा. जाग आली ती टाचेला पाणी लागलं म्हणून. म्हशीच्या पाठीवरची एक खाच कोरडी होती, ती आता भरली होती. पाण्यावरून फेस, वाळकी पानं, एक चप्पल असा संसार हळूहळू खाली चालला होता. रंगही बदलला होता, हिरव्याचा चहासारखा झाला होता.

आता सांगायला लाज वाटते, पण मला काडीचीही भीती वाटली नाही. उलट घरी आल्यासारखं वाटलं. मी मनात म्हटलं, भरती लागली.

खरंच म्हटलं. सोलापूर कुठे, समुद्र कुठे, हा विचार शिवलाही नाही. जन्मभर मी पाणी चढताना पाहिलंय आणि उतरताना पाहिलंय. भरतीत अडकलेल्या माणसाने काय करायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उंच दगड गाठायचा, गप्प बसायचं, ओहोटी लागली की चालत घरी जायचं. मी डबा एक पायरी वर ठेवला, बूट काढून वाळत घातले आणि बांधून आणलेली भाकरी सोडली.

काठावर नरसय्या काठी जोरजोरात हलवत होते. मीही गळाची काठी जोरजोरात हलवली. त्यांचं काहीतरी ओरडणं चाललं होतं, पण त्या बारीक आवाजातलं माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. मला वाटलं, जेवा म्हणतायत. मी भाकरी उंच करून दाखवली.

काठावर काय झालं ते मला नंतर कळलं. ज्वारीच्या रानातून एक बाई पाणी प्यायला खाली आल्या आणि म्हणाल्या, "ते कोण हो बसलंय म्हशीवर? धरणाचं पाणी आलंय की!"

"ते उद्या येणार हुतं," नरसय्या म्हणाले.

"आलं न्हवं का आजच! आता धा दिस उतरत न्हाय ते. अन् त्यो माणूस तर भाकरी खायला लागलाय." बाईंनी पदर खोचला. "थांबा, गड्यास्नी हाक मारून आणते," म्हणत त्या रानाकडे पळाल्या.

नरसय्या थांबले असते तर चाललं असतं. पण त्यांना दिसत होतं की पाणी गढूळ झालंय, धार दिसेनाशी झालीय, आणि हा कोकणी मनुष्य कधीही उठून सरळ रेषेत काठाकडे चालायला लागेल आणि वळणावर खड्ड्यात जाईल. धार कुठे वळते ते त्या काठावर फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून मी वर पाहिलं तर खुर्ची रिकामी.

ते पाण्यात होते. धोतर मांडीपर्यंत खोचलेलं, उजव्या हातात काठी. काठी पुढे टाकायचे, दगड लागला की उजवा पाय, मग डावा ओढून त्याच्याशेजारी. पुन्हा काठी. पाणी गुडघ्याच्या वर होतं. आजूबाजूचा तो सगळा संथ, चहाच्या रंगाचा पसारा आणि त्यात एकटी पांढरी बंडी माझ्याकडे येतेय. क्षणभर मला ते स्वप्नातलंच वाटलं. मग ताडकन उठून उभा राहिलो. ह्यांना काही झालं तर मी मेधाला कोणतं तोंड दाखवणार?

"व्याहीबुवा! मागे फिरा!" मी ओरडलो.

ते फिरले नाहीत. वळणावर थांबले, काठीने चाचपून डावीकडे वळले आणि आले. म्हशीला हात टेकून धापा टाकत उभे राहिले.

"बावगारू," ते म्हणाले, "हितं काय करलालाव?" (सोलापुरात 'करताय'चं असं 'करलालाव' होतं.)

"ओहोटी लागली की येतच होतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी थट्टा करत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते हसायला लागले. त्या पाण्यात, एका हाताने म्हशीला धरून, अंग गदगदा हलेपर्यंत हसले. "भीमेला ओहोटी न्हाय हो! हे पाणी सोलापूर पिणार तवाच उतरणार. चला आता."

मी वरमलो, घाईघाईने बूट चढवले आणि उतरलो. त्यांच्या उजव्या हातात काठी. डावा हात मी माझ्या उजव्या हाताने घट्ट धरला. डबा खांद्याला, गळाची काठी माझ्या डाव्या हातात. दोरी गुंडाळायला वेळ नव्हता, त्यामुळे बेडकी मागे पाण्यावर तशीच तरंगत येत होती. ते पाऊल टाकायचे आणि त्यांच्या पावलावर मी. कोण कुणाला आधार देतंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

वळणावर आलो आणि मागे धप्पकन आवाज झाला.

माझ्या डाव्या हातातली काठी वाकली, इतकी की टोक पाण्यात गेलं. सकाळपासून जिची मनधरणी केली ती मरळ आता आली होती, माझे हात गुंतलेले असताना! मी उजव्या हाताचा माणूस. डाव्या हातातून काठी निसटायला लागली.

"जातेय!" मी ओरडलो.

"जातीय कशी!" असं म्हणून नरसय्यांनी हातातली आधाराची काठी टाकली आणि गळाची काठी धरली. पुढच्याच क्षणी त्यांनी डावा हात माझ्या हातातून हिसकून घेतला आणि काठीवरच्या दोरी गुंडाळायच्या चक्रीच्या मुठीवर ठेवला.

ती बोटं आदल्या दिवशी दोरीचं टोक धरू शकली नव्हती. आता ती मूठ फिरत होती. अडखळत, थांबत, पण फिरत होती. मरळ खोल गेली की ते दोरी सैल सोडायचे, थकली की ओढायचे. ओढीबरोबर एकदा डाव्या पायावर भार द्यायचे, एकदा उजव्या. मी बाजूला हात पसरून उभा होतो, पडले तर झेलायला. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मांडीभर वाहत्या पाण्यात त्यांना कुणीच धरलेलं नाही. हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कुणास ठाऊक.

मरळ जवळ आली तेव्हा मी तिला दोन्ही हातांनी उचललं. काळीभोर, हातभर, पोटाशी पिवळसर. पोट टपोरं होतं. मला आमची गाबोळी (माशाची अंडी) आठवली आणि तोंडाला पाणी सुटलं.

नरसय्यांनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला. "भरलीय," ते म्हणाले, आणि गळ काढून तिला पाण्यात धरलं. तिने एकदा शेपटी हलवली आणि गेली. मी 'अहो' म्हणेपर्यंत गेली.

"फाल्गुनात भरलेली मरळ आमी घेत न्हाय," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघत, "माझी काठी?"

काठी बरीच खाली गेली होती. उन्हात एकदा चमकली आणि पुढच्या वळणाला दिसेनाशी झाली.

"गेली कर्नाटकात," नरसय्या म्हणाले. उरलेली धार ते तसेच चालले. मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला नाही, पण दूरही लोटला नाही.

काठावर त्या बाई दोन गड्यांना घेऊन धावत आल्या, तेव्हा आम्ही दोघे भिजलेल्या मांजरांसारखे करंजाखाली बसलो होतो. एका गड्याच्या खांद्यावर दोरखंड होता. बाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, "तुमी कुठलं हो पावणं?"

"देवगड. समुद्राकाठचा."

"तरीच!" त्या म्हणाल्या. हा 'तरीच' मी आजवर पचवू शकलेलो नाही. पण त्यांनी फडक्यातल्या शेंगा आमच्यापुढे सोडल्या, आणि उशिरा का होईना, गड्यांनीही बैठक मारली. रफिकभाई येईपर्यंत आमची कीर्ती रानभर झाली होती.

संध्याकाळी घरासमोर रिक्षा थांबली. मी उतरून हात द्यायला वळलो तर नरसय्या दांडी धरून खाली उतरलेले होते. चार पायऱ्या ते भिंतीला हात लावत चढले. विहीणबाई दारात उभ्या होत्या.

"मासा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"सोडला."

"अन् काठी?"

"ती पण," नरसय्या म्हणाले आणि त्यांच्या बाजूने आत गेले. खुर्ची ओलांडून, मागच्या दाराने, हातपाय धुवायला.

विहीणबाई बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून झटकन स्वयंपाकघरात गेल्या, आणि भांडी उगाचच खूप वाजली. मेधाने माझा ओला हात धरला आणि तिथेच रडायला लागली. मलाही रडू आलं. नदीचं पाणी अंगावर होतंच, कुणाला कळलं नाही.

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा दोरी मागून घेतली. माझी गाठ कात्रीने कापून टाकली आणि स्वतःची मारायला बसले. पुष्कळदा सुटली. मी झोपायला गेलो तेव्हाही बसलेले होते. सकाळी उठलो तर बेडकी डब्यावर ठेवलेली, आणि गाठ अशी बारीक की बोटाला लागत नव्हती.

परतीच्या प्रवासात पुलावर मी जागाच होतो. भीमा या काठापासून त्या काठापर्यंत भरलेली होती. म्हैस पाण्याखाली गेली असेल, मी मनाशी म्हटलं, आणि तिच्या पाठीवर कुणी बसलेलं नाही याचं बरं वाटलं.

आता घरी मागच्या दाराशी बसून हे लिहितोय. खाडी उतरत चाललीय. चिखलावर खेकडे निघालेत, आणि परवा हातातून सुटलेली माझी टोपली आपण होऊन पायरीपाशी येऊन पडलीय. आमच्याकडे असंच असतं. गेलेलं पाणी येतं, आलेलं जातं, माणसाने फक्त धीर धरून बसायचं. मीही जन्मभर तेच शहाणपण समजत आलो. मेधाच्या घरातही मी धीर धरा, होईल सगळं ठीक, एवढंच सांगून आलो असतो. पण काही पाणी आपण होऊन उतरत नाही. तिथे कुणाला तरी धोतर खोचून आत यावं लागतं.

मघाशीच नरसय्यांचा फोन येऊन गेला. रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात म्हणाले. नवी काठी घेतलीय, पण ती बहुधा दारामागेच असते. मे महिन्यात इकडे यायचं म्हणतात.

"तुमच्या खाडीत उतरायचंय मला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण बावगारू, तिथलं पाणी मला कळत न्हाय. अडकलो तर?"

"मी येतो की," मी म्हणालो.